कॉकटील घरी आणताना: पिंजऱ्याच्या आधी घराची तयारी

कॉकटील घ्यायचा ठरला की बहुतेक घरांत पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी पिंजऱ्याची. पिवळा घ्यावा की राखाडी, पिंजरा हॉलमध्ये ठेवावा की गॅलरीत, हे ठरेपर्यंत मुलांनी नावही ठेवलेले असते. नाशिकमध्ये आमच्या आणि ओळखीच्या काही घरांत हा पक्षी रुळताना पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिली पाहणी स्वयंपाकघराची करावी, दुसरी छताच्या पंख्याची आणि तिसरी घरातल्या माणसांच्या झोपण्याच्या वेळांची. पिंजऱ्याचा क्रमांक चौथा लागला तरी चालेल. पक्षी घराशी जुळवून घेतोच. पण काही बाबतींत त्याला जुळवून घेता येत नाही, तेथे घरालाच बदलावे लागते, आणि तो बदल पक्षी आणल्यावर करण्यापेक्षा आधी करणे सोपे जाते.

हा पक्षी मुळात कसा आहे

दुकानांत त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी असून काकाकुआच्या कुळातला सर्वांत लहान सदस्य आहे. शेपटीसह लांबी सुमारे ३० ते ३३ सेंटीमीटर आणि वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. मूळ रंग राखाडी, पंखावर पांढरा पट्टा आणि गालावर नारिंगी ठिपका. पिवळसर पांढरा ‘ल्युटिनो’, ठिपक्यांचा ‘पर्ल’, पांढऱ्या तोंडाचा ‘व्हाइटफेस’ हे सगळे पाळीव पक्ष्यांच्या पैदाशीतून आलेले रंगप्रकार आहेत. त्यांपैकी ल्युटिनो १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला. रंगावरून किंमत बदलते, स्वभाव बदलत नाही.

रानात हे पक्षी थव्याने राहतात, पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात लांबवर भटकतात, जमिनीवर उतरून दाणे टिपतात आणि जरा सावली हलली की सगळे एकदम उडतात. घरात जे वागणे आपल्याला विचित्र वाटते त्यातले बरेचसे येथून आलेले असते. आपण खोलीबाहेर गेलो की तो मोठ्याने हाका मारतो, कारण थव्यातला एक सोबती दिसेनासा झालेला असतो. रात्री खट्ट झाले की तो अंधारातच पंख फडफडवून पिंजऱ्यावर आपटतो, कारण रानात आधी उडणे आणि नंतर विचार करणे हेच शहाणपणाचे असते.

दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्यात. नीट सांभाळलेला कॉकटील १५ ते २० वर्षे जगतो. आज चौथीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असू शकतो. दुसरे म्हणजे त्याच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ती दोन दिवसांत दिसू लागते. घरात कोणाला दमा किंवा पक्ष्यांची ॲलर्जी असेल, तर आधी ज्यांच्याकडे हा पक्षी आहे अशा घरात त्या व्यक्तीला तीन-चार वेळा तासभर बसवून पाहावे. पक्षी आणल्यावर हे लक्षात आले तर त्रास माणसालाही होतो आणि घर बदलावे लागलेल्या पक्ष्यालाही.

घराची पाहणी

पक्ष्यांच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि प्रत्येक श्वासातून ते आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू खेचून घेतात. उडण्यासाठी ही रचना उत्तम आहे, पण हवेत काही विषारी असेल तर तेही तितक्याच वेगाने शरीरात जाते. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. यावर उपचार जवळजवळ नाहीतच. त्यामुळे ‘आम्ही जपून वापरू’ हा तोडगा मला पटत नाही. डोशाचा तवा बिडाचा घ्यावा आणि नॉनस्टिक भांडी घरातून काढून टाकावीत.

यानंतर देवघर. उदबत्ती, धूप आणि कापूर यांचा धूर बंद खोलीत साचतो. पूजा बंद करण्याची गरज नाही. पिंजरा देवघरापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावा, पूजेच्या वेळी मधले दार लावावे आणि खिडकी उघडी ठेवावी. डासांची कॉइल, फवारे, एअर फ्रेशनर आणि डिओडरंट पक्ष्याच्या खोलीत अजिबात नकोत. झुरळांसाठी औषध मारून घ्यायचे असेल तर पक्षी दोन दिवस दुसऱ्या घरी पाठवावा. फोडणीचा ठसका आणि जळक्या तेलाचा धूरही त्याला सोसत नाही, म्हणून स्वयंपाकघर ही त्याची जागा कधीच नव्हे.

छताचा पंखा हा आपल्याकडचा खास धोका आहे. परदेशी लिहिलेल्या माहितीत त्याला फारसे स्थान नसते, पण आपल्या घरांत उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र फिरतो आणि घाबरलेला पक्षी सरळ वर झेपावतो. आमच्याकडे पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावलेली आहे. पिंजरा उघडण्याआधी बटण बंद करून ती पट्टी त्यावर आडवी ओढायची आणि पक्षी आत गेल्यावरच काढायची, असा नियम आहे. पाहुणे हसतात, पण पाहुणेच सवयीने पंखा लावतात, म्हणून तर पट्टी आहे.

खिडक्यांना जाळ्या, आरशावर आणि मोठ्या काचांवर पडदा, पाण्याच्या बादल्यांना झाकण, विजेच्या वायरी आड. घरात मांजर असेल तर कॉकटीलचा विचार सोडलेला बरा. मांजराचा दात किंवा नख नुसते लागले, रक्तही दिसले नाही, तरी तिच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो आणि त्याला त्याच दिवशी प्रतिजैविक द्यावे लागते.

शेवटची पाहणी झोपेची. कॉकटीलला रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालत असेल आणि पहाटे पाचला पाणी भरायला दिवा लागत असेल, तर हॉलमधला पक्षी काही महिन्यांत चिडका होतो. यावर उपाय म्हणजे रात्रीसाठी आतल्या खोलीत दुसरा लहान पिंजरा ठेवावा, किंवा मोठा पिंजरा चाकांचा घेऊन संध्याकाळी आत न्यावा.

कोणता पक्षी, कोठून

आपला देशी हिरवा पोपट, म्हणजे राघू, घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. आजोबांच्या घरी तो होता, हे कारण चालत नाही. कॉकटील विदेशी असल्याने त्याला ती बंदी लागू नाही. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या याद्यांतून पोपटवर्गातल्या ज्या मोजक्या जाती वगळलेल्या आहेत, त्यांत कॉकटील आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी विचारावी आणि पावती घ्यावी. विचारल्यावर विक्रेता त्रासला, तर तेवढे उत्तर पुरेसे आहे.

खरेदीत सर्वांत मोठी चूक पिल्लाच्या वयाबाबत होते. ‘हँडफीडचे पिल्लू घ्या, स्वतः भरवले की जन्मभर लळा लागतो,’ असे सांगून तीन-चार आठवड्यांची पिल्ले विकली जातात. लळ्याचा भरवण्याशी संबंध नसतो, रोजच्या सहवासाशी असतो. भरवणे हे मात्र कसबाचे काम आहे. खिमट गार झाले तर गळ्यातल्या पोटलीत आंबते, फार गरम झाले तर पोटली भाजते आणि सिरिंजचा कोन चुकला तर ते श्वासनलिकेत जाते. या तिन्ही कारणांनी पिल्ले मेलेली मी ओळखीच्या घरांत पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी दोष स्वतःला दिला. पिल्लू साधारण ८ ते १० आठवड्यांचे होऊन स्वतः दाणे सोलून खाऊ लागले, की मगच घ्यावे. ते सोलते की नाही हे विक्रेत्याला विचारून न थांबता समोर उभे राहून पाहावे. अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

निरोगी पक्षी दांडीवर सरळ बसतो, डोळे गोल आणि उघडे असतात, नाकपुड्या कोरड्या असतात आणि शेपटीखालची पिसे स्वच्छ असतात. दुपारच्या उकाड्यातही अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला पक्षी ‘शांत स्वभावाचा’ नसतो, आजारी असतो. बसल्या जागी श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल तर तो घेऊ नये, आणि दया येऊनही घेऊ नये.

नर की मादी, हे लहान वयात दिसत नाही. पहिली पिसे गळून नवी आल्यावर, म्हणजे सहा महिन्यांच्या पुढे, राखाडी जातीतल्या नराचे तोंड पिवळेधमक होते. मादीचे तोंड फिके राहते आणि शेपटीच्या खालच्या बाजूला पट्टे टिकतात. नर शीळ घालतो, चाली उचलतो, क्वचित दोन-चार शब्दही बोलतो. मादी बहुधा गप्प असते. बोलण्यासाठीच कॉकटील घ्यायचा असेल तर निराशा ठरलेली आहे. आमचा सोन्या ‘शंभर टक्के नर, शीळ घालणारच’ असे छातीठोकपणे सांगून एका विक्रेत्याने दिला. तेरा महिने आम्ही शिळेची वाट पाहिली. चौदाव्या महिन्यात सोन्याने पिंजऱ्याच्या तळाशी अंडे घातले. नाव तेवढे तेच राहिले.

एक घ्यावा की दोन? घरात दिवसभर कोणीतरी असेल तर एक पुरेसा आहे. दोघेही सकाळी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात जाऊन संध्याकाळी परतणार असतील, तर एकट्या पक्ष्याला दहा तास पिंजऱ्यात ठेवणे मला योग्य वाटत नाही. तेथे दोन घ्यावेत आणि माणसाशी जवळीक थोडी कमी होईल हे मान्य करावे. दुसरा पक्षी नंतर आणला तर किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, वेगळी भांडी वापरावीत आणि पशुवैद्यांकडून तपासून घ्यावा.

पिंजरा

कमीत कमी २४ इंच रुंद, १८ इंच खोल आणि २४ इंच उंच. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. गजांमधले अंतर सव्वा ते दीड सेंटीमीटर असावे आणि निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, म्हणजे त्याला चढता येते. गोल, घुमटाकार पिंजरे शोभेचे असतात. त्यात पक्ष्याला कोपरा मिळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी चोचीने खरवडली जाते आणि जस्त पोटात जाते, म्हणून स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या पावडर कोटिंगचा पिंजरा घ्यावा. पक्ष्यापेक्षा पिंजरा महाग पडला तर हिशोब बरोबर आहे असे समजावे.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात. त्यांनी तळपायाला फोड येतात. पेरूच्या किंवा तुतीच्या, कीटकनाशक न मारलेल्या फांद्या घासून धुवाव्यात, उन्हात कडक वाळवाव्यात आणि वेगवेगळ्या जाडीच्या बसवाव्यात. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर दांडी येऊ देऊ नये. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते, आणि तो उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असावा. तळाला रोज नवे वर्तमानपत्र घालावे. कागद रोज बदलल्याने स्वच्छता राहते, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे रोजची विष्ठा नजरेखालून जाते. त्याबद्दल पुढे येईल.

पहिले चार आठवडे

पक्षी शक्यतो सकाळी आणावा, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला दांड्या, पाणी आणि दाणे कोठे आहेत हे कळते. आधीच्या जागी तो जे दाणे खात होता तेच आठवडाभर द्यावेत. पहिले दोन-तीन दिवस तो फारसे खाणार नाही, आवाज करणार नाही आणि एकाच दांडीवर बसून राहील. नातेवाइकांना या आठवड्यात पक्षी पाहायला बोलावू नये. मुलांना हे समजावणे सर्वांत कठीण जाते. आमच्याकडे पिंजऱ्यापासून चार फुटांवर फरशीवर खडूची रेघ ओढली होती.

पहिल्या रात्रीपासून खोलीत मंद दिवा ठेवावा. रात्रीच्या घबराटीत, विशेषतः ल्युटिनो पक्षी, पंख गजांत अडकवून जखमी होतात. असे झाले तर धावत जाऊन पिंजऱ्यात हात घालू नये; दिवा लावावा, हळू आवाजात बोलावे आणि तो दांडीवर स्थिरावल्यावर रक्त आहे का ते पाहावे. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. नव्या पिसाच्या मुळातून येणारे रक्त थांबत नसेल तर पशुवैद्य गाठावा.

दुसऱ्या आठवड्यापासून पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून रोज दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे आपले काम करत बसावे. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावे. पक्ष्याकडे टक लावून पाहू नये, कारण टक लावून शिकारीच पाहतो. या काळात तुऱ्याची भाषा शिकून घ्यावी. तुरा ताठ उभा म्हणजे तो दचकला आहे किंवा कुतूहलाने पाहतो आहे. तुरा डोक्याला चिकटलेला, मान लांब आणि तोंडातून फुत्कार, म्हणजे हात मागे घ्यावा. तुरा सैल, किंचित मागे झुकलेला, एक पाय पोटाशी आणि चोचीचा बारीक कुरकुर आवाज, म्हणजे त्याला झोप येते आहे आणि आपल्यासमोर झोपायला तो तयार झाला आहे. सोन्याने हा आवाज पहिल्यांदा केला तो एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, मी शेंगा सोलत असताना. आधी वाटले पिंजऱ्यात काही तरी किडा कुरतडतो आहे.

हाताची ओळख राळ्याच्या कणसाने करून द्यावी. कणसाचे एक टोक आपण धरावे आणि दुसरे गजांतून आत द्यावे. दोन-चार दिवसांत तो टिपू लागला की कणीस रोज थोडे आखूड करावे, म्हणजे चोच बोटांच्या जवळ येत जाते. नंतर दार उघडून तळहातावर दाणे द्यावेत. तो हातावर चढू लागला की तर्जनी त्याच्या पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या किंचित वर, हलकेच टेकवून ‘ये’ म्हणावे. प्रत्येक वेळी शब्द तोच ठेवावा आणि तो मागे सरकला तर त्या दिवशी थांबावे. टॉवेल टाकून पकडणे फक्त औषधासाठी. माणसाळवण्याच्या नावाखाली एकदा पकडले की आठवडाभराची कमाई जाते. काही पक्षी तीन आठवड्यांत बोटावर येतात, काहींना तीन महिने लागतात. गोंजारताना फक्त डोके आणि मान खाजवावी. पाठीवरून आणि शेपटीकडे हात फिरवणे त्याला जोडीदाराचे वागणे वाटते आणि मादी त्यामुळे अंड्यावर येऊ शकते.

पंख कापण्याबद्दल विक्रेते आग्रह धरतात. ते न कापणे मला योग्य वाटते, कारण कोवळ्या वयात उडायला न शिकलेला पक्षी पुढे भित्रा राहतो. मात्र मग दारे-खिडक्यांची शिस्त काटेकोर पाळावी लागते आणि रोज किमान दोन तास बंद खोलीत मोकळे सोडावे लागते.

खाणे

नुसत्या दाण्यांवर कॉकटील जगतो, पण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते आणि चरबी जास्त होते. दाण्यांत राळा, बाजरी, ज्वारी, नाचणी आणि थोडी करडई असावी. सूर्यफुलाच्या बिया आवडीच्या असतात, म्हणूनच त्या वाटीत घालू नयेत, बक्षीस म्हणून हाताने एखाद-दुसरी द्यावी. दिवसाला दीड ते दोन मोठे चमचे दाणे पुरतात. तयार पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या, देणार असाल तर बदल काही आठवड्यांत हळूहळू करावा आणि रोज वजन पाहावे. ‘भूक लागली की खाईल’ हा प्रयोग पक्ष्यावर करू नये.

नव्या माणसाकडून एक चूक हमखास होते. कॉकटील दाणा सोलून गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि ती नुसत्या फोलपटांची असते. रोज वाटीवर फुंकर मारून पाहावे.

भाज्यांमध्ये किसलेले गाजर, कोथिंबीर, मेथी, शेवग्याची पाने, ढोबळी मिरची आणि मक्याचे कणीस द्यावे. पालक कधीतरी, थोडा. मोड आलेले मूग फार उपयोगी आहेत, पण ते धुऊन द्यावेत आणि दोन तासांत वाटी काढावी. भाजी पहिल्या दिवशी खाल्ली नाही म्हणून सोडून देऊ नये. सोन्याने कोथिंबिरीची काडी तीन आठवडे फक्त खाली फेकली आणि चौथ्या आठवड्यात आम्ही जेवताना पाहून खाल्ली. नाशिकमध्ये जानेवारीपासून घरोघरी द्राक्षे असतात, आणि एखादे चिरून द्यायला हरकत नाही. मात्र बागेत औषधांच्या फवारण्या होत असतात, तेव्हा ती मिठाच्या पाण्यात भिजवून, चोळून, पुन्हा साध्या पाण्याने धुवावीत.

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, खारे आणि तळलेले पदार्थ वर्ज्य आहेत. शेव-फरसाणाच्या बशीत चोच घालू देण्याचे कौतुक करू नये. पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकूल या समुद्री जीवाचे पांढरे आतले कवच, कायम टांगलेला असावा. त्यातून कॅल्शियम मिळते.

नाशिकचे ऋतू आणि सण

डिसेंबर-जानेवारीत येथे रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. निफाडचा आकडा तर रोज वर्तमानपत्रात येतो. प्रौढ, निरोगी कॉकटील थंडी सोसतो, पण गोदाकाठच्या गार वाऱ्याचा झोत आणि दुपार-रात्रीतला मोठा फरक त्याला सोसत नाही. गॅलरीतला पिंजरा दिवाळीनंतर आत घ्यावा, रात्री तिन्ही बाजूंनी सुती चादर घालावी आणि समोरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. शेगडी किंवा कोळसा पेटवून खोली गरम करणे जीवघेणे ठरते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसू लागला तर त्याला उकाडा असह्य झाला आहे. त्याला गार खोलीत न्यावे आणि पायांवर साध्या पाण्याचे तुषार मारावेत. बर्फाचे पाणी वापरू नये. एरवीही आठवड्यातून दोन-तीन वेळा, दुपारपूर्वी, तुषारांची आंघोळ घालावी. भुकटी त्यानेच आटोक्यात राहते. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते, म्हणून एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दाणे आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कुबट वास आला की संपूर्ण डबा रिकामा करावा.

सणांचे नियोजन वेगळे करावे लागते. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाचे पथक गल्लीतून जाते तेव्हा भिंती थरथरतात. पक्ष्याला तो आवाज आधी दांडीतून, पायांना जाणवतो. पथक येण्याच्या तासभर आधी पिंजरा रस्त्यापासून सर्वांत आतल्या खोलीत न्यावा, दिवा चालू ठेवावा, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाकावी आणि खोलीत रेडिओ लावावा. दिवाळीचे चार दिवस हेच करावे. शिवाय धुरासाठी खिडक्या बंद ठेवाव्यात. रंगपंचमीला रहाडींवरून, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांवरून, परतलेल्या माणसांनी आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय पक्ष्याच्या खोलीत जाऊ नये.

वजनकाटा आणि आजारपण

पक्षी आजार लपवतो, कारण थव्यात दुबळा दिसला की शिकारी त्यालाच उचलतो. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा बहुधा अनेक दिवस उलटलेले असतात. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यावा आणि सकाळी, दाणे देण्यापूर्वी, वजन करावे. काट्यावर उलटी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पक्ष्याला वाटीवर चढवावे. सोन्या स्वतःहून चढतो, कारण उतरल्यावर करडईचा एक दाणा मिळतो. वही ठेवावी. ९० ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन ९ ग्रॅमने उतरले, तर तो कितीही खेळकर दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कागदावरच्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाण्यासारखा ओलावा. गाजर खाल्ल्यावर नारिंगी छटा येते, ती चिंतेची नव्हे. पांढरा भाग पिवळा किंवा गडद हिरवा झाला, न पचलेले दाणे दिसले किंवा विष्ठेची संख्या एकदम घटली, तर थांबू नये.

पक्षी आणण्याच्या आधीच शहरातल्या दोन पशुवैद्यांना फोन करून ‘आपण पोपटवर्गीय पक्षी तपासता का?’ असे स्पष्ट विचारून ठेवावे. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर पक्षी पाहतातच असे नाही, आणि ते रात्री नऊ वाजता कळणे वाईट. दवाखान्यात नेईपर्यंत त्याला लहान खोक्यात, अंधारात, २८ ते ३० अंशांच्या उबेत ठेवावे. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नये आणि माणसांची औषधे देऊ नयेत. पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार विरळ असला तरी आहे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो पसरतो, म्हणून पिंजरा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा, आणि घरात कोणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे सांगावे.

मादी नर नसतानाही अंडी घालते. अशी अंडी लगेच उचलली तर ती पुन्हा घालते आणि तिच्या हाडांतले कॅल्शियम संपते. ती तशीच राहू द्यावीत. साधारण तीन आठवड्यांत ती स्वतः कंटाळून उठते. घरटे म्हणून पेटी देऊ नये, उजेडाचे तास कमी करावेत आणि समुद्रफेस जागेवर आहे ना ते पाहावे. ती तळाशी अंग फुगवून, जोर देत बसली आहे आणि अंडे बाहेर येत नाही असे दिसले, तर ती आणीबाणी आहे. घरगुती तेल-पाण्याचे उपाय करत बसू नये.

गावाला जाताना

कॉकटीलला बसने लांब नेण्यापेक्षा ओळखीच्या घरी ठेवणे बरे. ज्यांच्याकडे ठेवायचा त्यांनी आधी दोन-तीनदा येऊन आपल्यासमोर वाटी फुंकून दाणे भरावेत, पाणी बदलावे, वजन करावे. नॉनस्टिक, पंखा, उदबत्ती आणि कॉइल या चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून, डॉक्टरांच्या फोन नंबरसह, तो कागद त्यांच्या फ्रिजवर लावावा. आम्ही मे महिन्यात आठ दिवस कोकणात गेलो तेव्हा सोन्या शेजारच्या काकूंकडे होता. परतल्यावर त्यांनी वही हातात दिली. रोजच्या आकड्यापुढे त्यांनी शेरे लिहिले होते: ‘९१. मेथी खाल्ली.’ ‘९२. पंखा दिवसभर बंद, आम्ही घामाघूम.’ शेवटच्या दिवशी: ‘९१. रात्री दार लावल्यावर हाका मारत होता, शीळ घातली तेव्हा गप्प झाला.’

काकूंना शीळ घालता येते, हे आम्हाला तेव्हा कळले.